हिडकलच्या पाण्यात सुटलेली गाठ

आप्पा, तुमची गाठ सुटली. हिडकलच्या धरणात, भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं मला एकदाही वाटलं नाही. वर्षश्राद्धाला पान वाढते, फोटोला हार घालते, तेही लोक बघतात म्हणून. आज बसले आहे ती भांडायला. तुम्ही होता तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडायची आपल्या घरात कुणाची टाप नव्हती. आता उघडते.

आधी मी काय करते ते सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. तुम्ही गेलात तेव्हा ड्रोन हे प्रकरण आपल्याकडं लग्नाच्या शूटिंगलासुद्धा आलं नव्हतं. चार पंख्यांचं, परातीएवढं यंत्र असतं. माणूस खाली उभा राहून हातातल्या बटणांवर ते उडवतो आणि त्याच्या पोटातला कॅमेरा खालचे फोटो काढतो. मच्छे गावातल्या एका लहानशा कारखान्यात ही यंत्रं जोडतात, दुरुस्त करतात, शेतांची आणि धरणांची मोजणी करून देतात. घरातले साड्या विणायचे माग विकल्यावर मी तिथं पॅकिंगला लागले. हाताला बारीक काम जमतं हे बघून त्यांनी हळूहळू जोडणीला घेतलं. आता पाण्यावर उडवायच्या यंत्रांचं सगळं माझ्याकडं आहे.

पाण्यावर उडवायचं म्हणजे जीव टांगणीला. जमिनीवर पडलं तर तुकडे तरी वेचता येतात, पाण्यात पडलं की यंत्र गेलं आणि दिवसभराचे फोटोही गेले. उपाय नाहीत असं नाही. पायांना फोमची नळकांडी बांधली तर ते तरंगतं, पण वारा त्या नळकांड्यांना धरतो आणि फोटो हलतात. पाणी लागलं की गॅसच्या कुपीनं आपोआप फुगणारा फुगा मिळतो, पण तो बाहेरून मागवायचा आणि एकदा फुगला की टाकून द्यायचा. आमच्या मालकांनी तिसरा उपाय धरला. बुडायचं तर बुडू दे, कुठं बुडालं ते कळलं पाहिजे आणि ओढून काढता आलं पाहिजे. यंत्राच्या अंगाला एक नळी, नळीत गुंडाळलेला नायलॉनचा दोर, दोराच्या टोकाला तरंगणारा लाल गोळा, आणि नळीचं झाकण खडीसाखरेच्या खड्यानं अडवलेलं. पाण्यात खडा विरघळतो, झाकण सुटतं, गोळा दोर घेऊन वर येतो. खडीसाखरेची अक्कल माझी.

पण दोर निघताना नळीतच गुंतायचा. कॉलेज शिकलेली पोरं महिनाभर डोकं खाजवत बसली. मग एके दिवशी मी माळ्यावरचा खोका काढला, त्यातली तुमची एक लाकडी कांडी घेतली आणि मागावर आडवा धावणाऱ्या धोट्यातल्या कांडीवर सूत भरतात तसा दोर तिच्यावर भरला, बुडाकडं जाड, टोकाकडं निमुळता. कांडी जागची हलत नाही आणि सूत टोकावरून सरसर सुटतं, हे त्या पोरांना कोण सांगणार? टाकीत बुडवून बघितलं तर दोर असा निघाला की मालकांनी टाळ्या वाजवल्या. "मॅडम, हे कुठं शिकलात?" मी म्हटलं, "घरी." त्या दिवशी तुमच्याबद्दल मला बरं वाटलं होतं, आप्पा. तो एकच दिवस.

हिडकलचं पाणी खोल. कांडीवरचा दोर तिथं पुरणार नव्हता, म्हणून त्याला दुसरा जोडावा लागला. आणि जोडायचा तर गाठ बारीक हवी, मोठी गाठ नळीच्या तोंडात अडकणार. बारीक गाठ म्हटल्यावर माझ्या हातानं मला विचारलंसुद्धा नाही. तुमचीच गाठ मारली.

वडगावच्या आपल्या घरातली ती पुढची खोली, दोन माग आणि मधून जेमतेम एका माणसाला जायची वाट. मी दहा वर्षांची. ताण्याचा उभा धागा तुटलाय, तुम्ही माग थांबवता आणि मला म्हणता, बांध. मी बांधते. माग चालू होतो, माझी गाठ फणीच्या दातांत अडकते आणि शेजारचे चार धागे घेऊन तुटते. तुम्ही हातातला धोटा माझ्या बोटांवर मारता. "गाठ हाय का लिंबू? फणीतनं सरकली पायजे. कापडात ऱ्हायली पायजे, दिसली न्हाय पायजे." मग माझी बोटं धरून दाखवता, एक फेर, अंगठ्याखाली दाब, मागून टोक, ओढ. गळ्यात दोऱ्यानं अडकवलेल्या छोट्या कातरीनं उरलेली टोकं कापता आणि साडी उलटीसुलटी करून दाखवता. "उलट्या बाजूला काय बी असू दे. सुलट्या बाजूला दिसलं न्हाय म्हंजे झालं." मी मान हलवते. बोटं सुजलेली असतात.

त्याच वर्षी माझा डावा कान फुटला. पू वाहायचा, उशी खराब व्हायची. आई म्हणायची, दवाखान्यात न्या. तुम्ही म्हणायचात, "साड्यांचा लॉट उतरू दे, मग जाऊ." एक लॉट उतरायचा, दुसरा चढायचा. कान गेला. घरात फारसं कुणाला जाणवलंही नाही, मागांच्या खडखडाटात आपण सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचो.

तुम्हाला मात्र जाणवलं होतं. निपाणीचे पाहुणे बघायला आले तेव्हा पाट तुम्ही स्वतः मांडलात. आईनं मांडलेला उचललात आणि भिंतीशी वळवून ठेवलात, माझा उजवा कान पाहुण्यांकडं येईल असा. मला म्हणालात, "हितनं हलू नको." मी हलले नाही. त्यांनी विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली, पसंती झाली. त्या पाटाचा राग मला अजून आहे. नुसतं तोंडानं खोटं बोलला असतात तर एक वेळ मी विसरले असते. तुम्ही माप घेऊन पाट मांडलात.

निपाणीत वर्षही पुरं झालं नाही. सासूबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि हाका मारत राहिल्या. मी स्वयंपाकघरात भाकरी करत होते, उजवा कान फरफरणाऱ्या स्टोव्हकडं, डावा न्हाणीकडं. शेजारीण धावत आली तेव्हा मला कळलं. कुणाला वाटलं मी मुद्दाम गेले नाही, मग डॉक्टरांनी कान तपासला आणि सगळं बाहेर पडलं. नवरा मला घेऊन वडगावला आला. दारातच म्हणाला, "ऐकू येत न्हाय हे आधी सांगायचं न्हवतं व्हय, मामा?" तुम्ही मागावरून उठलादेखील नाही. "हितनं गेली तवा चांगली हुती. तुमच्यात काय झालं ते तुम्हाला म्हाईत." तो माझ्याकडं बघत राहिला. मी खाली बघितलं.

पुढं गल्लीत तुम्ही सांगत फिरलात, "पोरीचं मन लागलं न्हाय, आणली परत. माझी पोर मला जड हाय व्हय?" लोक म्हणाले, बाप असावा तर असा, मोठ्या मनाचा माणूस. मला घरात म्हणालात, "तुला नांदता आलं न्हाय." आणि मी काय म्हटलं होतं आठवतंय? "माझंच चुकलं असंल, आप्पा." कितीतरी वर्षं मला ते खरंच वाटत होतं. तुम्ही गेल्यावर तुमच्या वस्तूंतून मी ती छोटी कातर तेवढी घेतली, का घेतली ते मलाही सांगता येत नाही. तुमच्यासारखीच गळ्यात अडकवून कामाला जाते.

आता हिडकल. आमच्याकडं यंत्र उडवणारा एक जण आहे, येळ्ळूरचा, तिशी ओलांडलेला. घरी भातशेती, तरी उडवायचं काम त्यानं जिद्दीनं शिकून घेतलं. हात असा शांत की वाऱ्यातसुद्धा यंत्र जागेवर उभं करतो. उडवण्याआधी त्यानं नळी उघडून बघितली. "आक्का, गाठ लई बारीक दिसतिया. चालंल न्हवं?" मी त्याला झटकलं. "आमच्या घरातली गाठ हाय. हजारो लुगडी झाली तिच्यावर. न्हाय सुटत." तो हसला आणि झाकण लावलं.

तिसऱ्या फेरीला एका पंख्याच्या मोटारीनं मान टाकली. यंत्र कलंडलं, गिरकी घेत पाण्यात गेलं. आम्ही काठावर बघत उभे. थोड्या वेळानं लाल गोळा टुपकन वर आला आणि तो गडी लहान पोरासारखा ओरडला, "आलं, आक्का, आलं!" मासेमाराची पत्र्याची होडी घेऊन आम्ही गेलो. गोळा उचलला, त्यानं दोर हातात घेतला, होडीच्या काठाला लागू नये म्हणून हात लांब धरून सावकाश ओढायला लागला. वजन लागलं. "हाय, हाय," तो म्हणाला. आणि दोर एकदम हलका झाला.

पुढचं टोक मी हातात घेतलं. ते तुटलं नव्हतं. त्याला वळ्या पडल्या होत्या, गाठीत बसलेल्या दोराला पडतात तशा, सुटलेल्या वेणीच्या केसांसारख्या. मला तिथंच कळलं. सूत सुताला धरून ठेवतं, रेशीम जरा कमी, पण धरतं. ओला नायलॉन कशालाच धरत नाही. टाकीत मी हलक्या वजनावर बघितलं होतं, तिथं गाठ टिकली. शेंबड्या पोरालाही सुचलं असतं की नव्या दोराला जुनी गाठ भारावर ओढून बघावी. मला सुचलं नाही, कारण ती तुमची होती आणि तुमच्या हातात चूक असते हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

तो पाण्यात वाकून बघत होता. मासेमाराचं लक्ष वल्ह्याकडं. मी गळ्यातली कातर उचलली आणि वळ्यांचं टोक, चार बोटं, कापून टाकलं. तुकडा मुठीत. विचार केला, मग कापलं, असं झालं नाही. तुमची कातर, उरलेली टोकं, सुलटी बाजू, सगळं हाताला पाठ होतं.

मालकांना दोर दाखवला. म्हटलं, होडीच्या पत्र्याला घासून कापला गेला, ओढताना लक्ष राहिलं नाही. कुणाचं ते मी सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. तो शेजारी उभा होता. म्हणाला, "मी हात भाईर धरूनच वडत हुतो." मग माझ्याकडं बघितलं. "पन आक्का म्हनत्यात म्हंजे घासला असंल. माझंच चुकलं असंल." मला ऐकू आलं, आप्पा. तो माझ्या उजव्या बाजूला उभा होता.

मालकांनी त्याचं उडवणं बंद केलं. दोन महिने तो खोके उचलत होता. दुसरी पोरं यंत्र उडवायला मैदानात न्यायची तेव्हा हा दारात येऊन वर बघत उभा राहायचा, मग परत आत जायचा. मी समोरच्या टेबलावर बसून नव्या दोराला नवी गाठ मारत होते. मासेमाराच्या जाळ्याची बघून शिकले, दोन फेर जास्त घ्यायचे आणि पाणी लावून आवळायची. ही सुटत नाही. रोज ठरवायचे, आज सांगू. तुकडा डब्यात घालून घेऊन जायचे आणि परत आणायचे.

मागच्या आठवड्यात मालकांनी बोलावलं. म्हणाले, त्याला परत उडवायला द्यावं का, तुम्ही सांगाल तसं, नुकसान तुमच्याच कामाचं झालं. केवढी सोय झाली होती, आप्पा! एक खरं वाक्य बोलायचं होतं. आणि मी म्हटलं, "द्या त्याला. माणूस चांगला आहे. चूक होते माणसाकडून." मालक म्हणाले, "मॅडम, तुमचं मन मोठं आहे." कारखान्यात सगळीकडं झालं, आक्कांनी शब्द टाकला. मोठ्या मनाची बाई. तुम्ही असता तर दोन्ही बाजू उलटून बघितल्या असत्या आणि शाबास म्हणाला असता.

काल तो घरी आला, यंदाच्या भाताचं छोटं पोतं घेऊन, येळ्ळूरचा बासमती. चहासुद्धा घेतला नाही. उंबऱ्यातच म्हणाला, "तुमच्यामुळं हातात परत आलं, आक्का. घरात सगळ्यांनी सांगितलंय, त्यास्नी तांदूळ दिल्याबिगर येऊ नको." माझ्या टेबलाच्या खणात तो तुकडा होता, दहा पावलांवर. मी म्हटलं, "कशाला रं एवढं?" आणि पोतं आत घेतलं.

तुमच्याशी भांडायला बसले होते, ते अर्धंच झालं. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तुकड्याबरोबर खणात जाईल. तुम्हाला माफ केलं असं समजू नका, केलेलं नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. आज दुपारी त्या तांदळाचा भात लावला. घरभर वास सुटला होता. मी दोनदा वाढून घेतला.