सहा खुर्च्या

३ फेब्रुवारी

बाक बडवले त्यांनी! टीव्हीवर बघितलं. दुरुस्ती मंजूर झाली आणि अख्खं सभागृह शाळेतल्या पोरांसारखं बाक बडवत होतं. आता घटनेतच लिहिलं गेलं – सुरक्षेच्या कारणावरून ज्याला पकडलंय, त्याला का पकडलं हे कुठल्याही कोर्टाने विचारायचं नाही.

आई म्हणाली, "मग आपल्या दादाचं?"

दादा बस चालवायचा. डेपोच्या फाटकावर उभा राहून संपाबद्दल बोलला आणि दुसऱ्या दिवशी त्याला घरातून नेलं. आरोप काय, तेसुद्धा सांगितलेलं नाही. मी घरातली पहिली पदवीधर, तीही कायद्याची! आईला म्हटलं, कोर्ट बघेल.

बाबा रंध्याचं पातं पुसत होते. "विचारायचंच नाही असं लिहिलंय ना? मग कोर्ट बघणार कुठून?"

७ फेब्रुवारी

मॅडम लढणार! ही दुरुस्तीच रद्द करा, असा अर्ज त्यांनी आज दाखल केला आणि दादाचा अर्ज त्याला जोडून घेतला. फी नाही. मी त्यांची सगळ्यात धाकटी ज्युनिअर, मला रडूच आलं. "रडायचं असेल तर बाहेर जा, कागद भिजतील," म्हणाल्या.

एवढी मोठी बाई, पण उंचीला माझ्या खांद्याएवढी. ऑफिसातल्या खुर्चीत बसल्या की पाय जमिनीला टेकत नाहीत. म्हणून टेबलाखाली जुन्या निकालांचे दोन जाड खंड ठेवलेत, त्यावर पाय ठेवतात. "निकालांचा एवढा तरी उपयोग झाला!" आज परत तोच विनोद. आज परत हसले.

१२ फेब्रुवारी

बाबांशी भांडण.

"तीच ना ही बाई? क्वार्टर्सवाली?"

तीच. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. कामगार ज्या क्वार्टर्समध्ये राहतात त्या त्यांच्या मालकीच्या व्हाव्यात, म्हणून तेव्हाच्या सरकारने घटना बदलली होती. बाबांनी दारावर नावाची पाटी करून लावली – स्वतः कोरलेली. कोर्टाने दुरुस्ती रद्द केली. मालकांकडून मॅडम उभ्या होत्या. आम्ही दोन खोल्या सोडून या एका खोलीत आलो. पाटी अजून पलंगाखाली आहे.

"लोकांनी निवडून दिलेल्यांनी दिलं, काळ्या कोटांनी काढून घेतलं. तेव्हा कोर्ट वाईट, आता चांगलं? का, तर आपलं पोरगं आत आहे म्हणून?"

"मग दादाला सोडवायचं नाही का?"

"त्याच्यासाठी मी कुणाच्याही पाया पडेन ग. पण बरोबर आहे असं म्हणणार नाही."



१३ फेब्रुवारी

मॅडमना धीर करून विचारलं. रागावतील वाटलं होतं. उलट चष्मा काढून बसल्या. "बहुमताला 'थांबा' म्हणणारं कुणीतरी हवं. ते कधी तुझ्या बाजूने म्हणेल, कधी तुझ्याविरुद्ध. मला ते दोन्ही वेळा हवंय."

किती सरळ! घरी येऊन बाबांना जसंच्या तसं सांगितलं.

बाबा म्हणाले, "तिचं घर नव्हतं गेलं."

२ मार्च

दादाला भेटले. काचेच्या पलीकडे. पुढचा दात नाही. "पडलो," म्हणाला आणि बघितलं दुसरीकडेच. मग मला हसवायला – "काय वकीलबाई, सिग्नल कधी पडणार? गाडी कधीची चालू ठेवून बसलोय!"

दाताचं आईला सांगितलेलं नाही.

९ मार्च

सुनावणी. सात न्यायाधीश. सरकारी वकील सारखे खोकतात म्हणून आम्ही त्यांना 'खोकला' म्हणतो, पण माणूस बोलतो मात्र छान. "लोकांनी निवडलेल्या सभागृहाने ठरवलंय. तुम्हाला कुणी निवडलं? उद्या लोकांना तुम्हाला बदलावंसं वाटलं तर त्यांनी कुठे जायचं?" – माझी मान हलली! खरंच हलली. बाबाच बोलताहेत असं वाटलं.

मग मॅडम उठल्या. आवाज न चढवता – "लोक काही वर्षांनी एकदा बोलतात. कोठडीतला माणूस रोज बोलतोय. त्याचं ऐकायचंच नाही, असं लोकांनासुद्धा ठरवता येऊ नये. कारण उद्या त्या लोकांपैकीच कुणीतरी तिथे असेल."

खोकलासुद्धा थांबला.

२७ मार्च

रद्द! रद्द! चार विरुद्ध तीन!

२८ मार्च

काल लिहवत नव्हतं. दुरुस्ती गेली. एका मताने का होईना, गेली. दादाचा अर्ज आता ऐकतील – वीस एप्रिल. आईने त्याचे शर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवलेत. बाबा माझ्याकडे बघून नुसते म्हणाले, "बरं झालं." मग पुष्कळ वेळाने – "तुझ्या मॅडमना नमस्कार सांग."

बाबांनी! मॅडमना!

४ एप्रिल

बाबा कोर्टाच्या सुतारशाळेत आहेत. एरवी मोडलेले बाक नि दारांच्या बिजागऱ्या. आज स्वारी खुशीत. "नवं काम आलंय. सहा खुर्च्या, न्यायाधीशांच्या. पाठीला नक्षी, हातांना बाक – सगळं जुन्यांसारखं."

"जुन्या मोडल्या?"

"छे! त्यांना काय धाड भरलीय? त्या राहणारच. या जादा." मग जरा दबकून – "बोलू नकोस हं कुठे. पक्कं बजावलंय."

हातातलं ताट तसंच राहिलं. सात आणि सहा, तेरा! न्यायाधीश वाढवायला घटना बदलावी लागत नाही, साधा कायदा पुरतो. आणि साधा कायदा म्हणजे यांच्या हातचा मळ. सहा माणसं आपली बसवायची आणि तोच निकाल फिरवून घ्यायचा. दार बंद केलं म्हणून आम्ही नाचत होतो. ते भिंतच पाडताहेत.

"बाबा, नाही म्हणा!"

समजावलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. खूप वेळ तळहातावरचा डिंक खरवडत राहिले. "मी नाही म्हटलं तर दुसरा करील. आणि माझी ही नोकरीही जाईल. मग तुझा दादा सुटेल का, सांग."



५ एप्रिल

मॅडमना सांगितलं. बाबा सांगू नको म्हणाले होते, तरी. त्या खिडकीशी उभ्या होत्या. वळल्याच नाहीत.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस. वडील अडचणीत येतील."

मला वाटलं होतं त्या पेटून उठतील. पत्रकार बोलावतील. निदान शिवी तरी हासडतील! बाबांची काळजी वाटली असणार. असंच असणार.

१५ एप्रिल

कायदा झाला. पुन्हा बाक बडवले. मार्चमधल्या निकालाचा फेरविचार आता तेराही न्यायाधीशांसमोर. तोपर्यंत दादाची तारीख स्थगित. आईने शर्ट घड्या करून परत पेटीत ठेवले.

१९ एप्रिल

मॅडम म्हणाल्या, दादाची केस दुसऱ्या कुणाला देऊ या. "मला जरा बरं नाही ग." डॉक्टरांकडे सोबत येऊ का विचारलं. तोंडाकडे बघितलं माझ्या, मग टेबलाकडे. "डॉक्टरचं काम नाही ते."

जाताना म्हणाल्या, "आत कुणीतरी शहाणं माणूस असणं बरं असतं. नाही?"

मी 'हो' म्हटलं. कोठडीबद्दल बोलताहेत असं वाटलं मला.

२६ एप्रिल

रविवार. बाबा काम घरी घेऊन आलेत. पाच खुर्च्या गेल्या. सहावीचं माप काल बदलून आलं – बैठक चार बोटं खाली, आणि पुढे पाय ठेवायला फळी.

"बसणाऱ्याचे पाय टेकत नाहीत म्हणे," बाबा हसले. "कोण असेल ग एवढं बुटकं?"

मी फळीचं दुसरं टोक धरलं. बाबांनी करवत लावली.