बारा लाकडी खळगे

३ जानेवारी
पोहोचले एकदाची! मावशीने दारातच मिठी मारली आणि माझी जड पिशवी स्वतः वर नेली. आई म्हणाली होती तसंच आहे सगळं: हवा छान, काम बसून करायचं, आणि मावशी जिवापाड जपते. वैद्यकीय कॉलेजांत शिकवायला लागतात ते प्लॅस्टरचे हातपाय मावशी बनवते. जिन्यात एक कान टांगलाय, इतका हुबेहूब की मी त्यात 'आले हं मी' असं कुजबुजून घेतलं.

५ जानेवारी
पहिलं काम मिळालं. लाकडाचे बारा ठोकळे, प्रत्येकात एक खळगा, तो पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचा. पहिला खळगा ओंजळीएवढा, बाराव्यात कलिंगड मावेल. कशासाठी विचारलं तर मावशी हसून म्हणाली, कळेल गं, घाई काय आहे. माझ्यासाठी तिने खास स्टूल करून घेतलंय. त्यावर डावीकडे एक उंचवटा आहे, तो मांडीखाली सारखा रुततो. खुर्ची ओढली तर ओरडली, पाठीची वाट लावून घेशील म्हणे.

९ मार्च
डाव्या पायाला मुंग्या येतात. सराव म्हणून मावशी दर शनिवारी माझ्या पोटरीचा साचा घेते. प्लॅस्टर घट्ट होताना गरम होतं, हे मला माहीतच नव्हतं. मजा वाटते.

१४ मे
स्वस्थ बसले तरी पोटरीत कातडीखाली काहीतरी वळवळतं. डावा मोजा चढत नाही. धाकट्या बहिणीला पत्रात कळवलं, तर तिने विचारलंय, एकाच पायाने पैलवान होणार का? खूप हसले.

२ जुलै
गुपचूप कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, नस दाबली गेली की स्नायू बहुतेक वाळतो. क्वचित एखाद्याचा उलटा फुगतो, कारण दुखावलेली नस त्याला विसावूच देत नाही. मग त्यांनी विचारलं, तू बसतेस कशावर?
घरी मावशी नव्हती. डावा पाय उचलून पोटरीकडून खळग्यांत ठेवून पाहिला. पहिल्यात मावला नाही. तिसऱ्यात नाही. पाचव्यात चपखल बसला.
हे खळगे मीच घासलेत.

३ जुलै
खळग्यांचं विचारलं तर मावशीने काहीच नाकारलं नाही. शंभरात एखादीचाच पाय असा फुगतो, ते रक्तात असावं लागतं आणि ते आपल्या घरात आहे, असं तिने मला शाबासकी दिल्यासारखं सांगितलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा संच कुणाकडेच नाही, तो तिला हवाय. मग तिने कपाट उघडलं. आत टाचेपर्यंत उतरवलेल्या जुन्या नऊ पोटऱ्या. प्रत्येकीच्या टाचेवर भाजल्याचा वाकडा व्रण.
आई पोटरी कधीच दिसू देत नाही. पण टाचेवरचा तो व्रण मी ओळखते. दहाव्या साच्याआधी ती सुटली, मावशी म्हणाली. मुलगी मोठी झाली की पाठवीन, असा शब्द देऊन.

११ ऑगस्ट
दार बाहेरून बंद. मला उचलून स्टुलावर बांधते. पाय सातव्यात. आईला तीन पत्रं लिहिली, मावशीनेच हसत हसत पेटीत टाकली. उत्तर आलं: मावशीचं ऐक. एवढंच. आई, पिशवी भरताना तू रडत होतीस. मला वाटलं, माझी आठवण येईल म्हणून —

२७ सप्टेंबर
आठवा. उभं राहवत नाही. आता उजवीकडेही उंचवटा बसवलाय —

४ ऑक्टोबर
मावशीने कोरा कागद आणून ठेवला. धाकटीला बोलावून घे, म्हणजे तू सुटलीस, म्हणाली. मी कागदावर थुंकले. तिने दुसरा आणला.

१ नोव्हेंबर
नववा — पाय माझा राहिलाच नाही, आपला आपण ओढतो — प्लॅस्टर ओलं आहे, गरम होत चाललंय — आई, तुला असंच वाटलं होतं का — कागद समोर आहे — धाकटी हुशार आहे, येणारच नाही — आधी इथेच लिहून बघते, पाठवणार थोडीच —
प्रिय धाकटे, इथे हवा छान आहे, काम बसून करायचं, आणि मावशी जिवापाड