हे पत्र फक्त रंगीत कोबीविषयी

निरगुडसर,
ता. २८ डिसेंबर १९९८

रा. रा. सुभाषराव व्याही यांना सावळारामचा हात जोडून रामराम. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. आपला गुडघा आता जिने चढू देतो की अजून रुसलेलाच आहे, ते कळवावे. विहीणबाईंची साखर उतरली असेल अशी आशा आहे. (आमच्या हिनं त्यांच्यासाठी तिळाचे लाडू करायला घेतले होते, मग तिचं तिलाच आठवलं आणि ते मी खातोय.) रुपाली वेळेवर जेवते ना? तिला सातवा लागल्यापासून तिची आई रोज देवाला दिवा लावताना माझ्याकडे बघते. परवा फोनवर आपण म्हणालात की बाळंतपण पुण्यालाच करू, मोठा दवाखाना हाकेवर आहे. मी 'बरं' म्हणालो. (बूथवर माझ्यामागं रांग होती, आणि व्याह्यांना फोनवर नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही.) पहिलं बाळंतपण माहेरी असतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे, म्हणून त्यावर मी काही बोलत नाही. हे पत्र फक्त कोबीविषयी आहे.

सुभाषराव, रंग आला! आपण गौरी-गणपतीला जावईबापूंबरोबर शोभेच्या कोबीचं बी पाठवलं होतंत, त्या कोबीला रंग आला! काय सांगू तुम्हाला! पाकिटावरचं चित्र पाहून तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. गुलाबी कोबी, जांभळी कोबी, आणि तीही गुलाबासारखी उमललेली! ज्या माणसाचा निम्मा जन्म कोबीच्या गोण्या मंचरच्या मार्केटला नेण्यात गेला, त्याला तुम्ही कोबी शिकवणार? पाकीट मी फळीवर टाकणार होतो. पण रुपाली म्हणाली, "आप्पा, दारापुढं लावा, मी बघायला येईन." मग काय, त्याच संध्याकाळी गादीवाफा केला, आणि रोपं हाताएवढी झाल्यावर अंगणात तुळशीपासून फाटकापर्यंत दोन्ही बाजूंनी लावली.

दिवाळी झाली तरी सगळं हिरवंच. पानं झालरीसारखी कुरळी झाली, पण गड्डा काही धरेना. आमच्या शेजारचा गेणभाऊ तुमच्या लक्षात असेल (लग्नात तुमचा फेटा पुन्हा पुन्हा सोडून नव्यानं बांधत होता, तोच). तो उकिडवा बसला, पान उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "सावळाराम, हे काय गड्डा धरत न्हाई राव. बी बोगस हाय." आता मला सांगा, व्याह्यांनी दिलेलं बी बोगस आहे हे मी कुठल्या तोंडानं ऐकून घेऊ? मी त्याला ठणकावलं की ही जातच बिनगड्ड्याची आहे आणि पुण्यात सगळे हीच लावतात. (मला स्वतःला तेव्हा काडीचा भरवसा नव्हता. रात्री पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायला चष्मा शोधत होतो.) गाव हसलं. एवढा कोबीवाला, आणि याच्याच दारात पाला उगवलाय म्हणून डेअरीवर रोज चर्चा. मी दूध घालून खाली मान घालून परत यायचो.

मग थंडी पडली. आमची थंडी आपण लग्नात अनुभवली आहे, अक्षता टाकतानाही आपण मफलर सोडला नव्हता. एका सकाळी पाहतो तर मधली पानं जांभळी! मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात गेणभाऊ कुंपणावरून म्हणाला, "स्फुरद कमी पडलंय. पानं जांभळी पडली." यात त्याची चूक नाही. आमच्याकडं पान जांभळं दिसलं की माणूस थेट खताच्या दुकानात जातो. मी समजावून सांगायच्या आत हा भला माणूस घरून घमेलंभर डीएपी घेऊन आला आणि झाडाझाडाला मूठमूठ घालून मोकळा झाला. सकाळी येणारा जाणारा थांबून औषध सुचवायला लागला. डेअरीचा सचिव म्हणाला हा व्हायरस आहे, उपटून जाळा, नाहीतर साऱ्या शिवारात पसरेल. गेणभाऊची खरी कोबी रस्त्यापलीकडेच उभी, त्यामुळे त्याचाही चेहरा पडला. संध्याकाळी चार माणसं घेऊन तो दारात आला. "आमी तुज्या वाईटाला न्हाई आलो," म्हणाला, "पर हे काढ." मी अंगणात बाज टाकली आणि वाफ्याला पाठ लावून बसलो. म्हणालो, ही माझ्या लेकीची झाडं आहेत, ती बघून गेल्याशिवाय एक पान हलणार नाही. (बोलण्याच्या भरात हे तोंडातून गेलं. आधी लिहिल्याप्रमाणे, त्या विषयावर मला काही म्हणायचं नाही.)

आणि सुभाषराव, त्याच आठवड्यात सगळी उमलली! बाहेर हिरवी झालर, आत कुणाचं पोट गुलाबी, कुणाचं जांभळं, कुणाचं सायीसारखं पांढरं. पहाटेचं दव त्यावर बसलं की मी चहा विसरतो. अवसरीहून माणसं बघायला येतात. एका लग्नाच्या वऱ्हाडानं तर जीप थांबवून नवरा-नवरीला माझ्या कोबीत उभं करून फोटो काढला. व्हायरसवाला सचिव पाहुण्यांना घेऊन येतो आणि ही आपल्या सल्ल्यानं लावलीय असं सांगतो. मी काही बोलत नाही, मन मोठं झालंय माझं.

उपयोगाचं म्हणाल तर तेही करून पाहिलं. आमच्या हिनं एका जांभळ्या झाडाची भाजी केली. रंग सगळा पाण्यात उतरला, पातेलं शाई सांडल्यासारखं झालं, आणि भाजी कडवट. गेणभाऊनं दोनदा वाढून घेतली आणि खतामुळं उतरलीय म्हणाला. मग दत्तजयंतीला देवळात तांब्यांत पाणी घालून तीन फुलं ठेवली. लई शोभली! पण पाणी बदलायचं असतं हे कुणालाच माहीत नव्हतं. पुढं सगळे पुजाऱ्यासकट मेलेला उंदीर शोधत होते. मी पण शोधत होतो. तेव्हा आपल्याकडं ठेवाल तर पाणी रोज बदला.

विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, रुपालीला आईचं 'जप' असं सांगावे.

आपला,
सावळाराम

ता. क. फोटो सोबत जोडला आहे. डावीकडचं कोपर गेणभाऊचं आहे.

ता. क. ऊन वाढलं की ही फुलं फिकी पडतात आणि शेंडा काढतात, असं पाकिटामागं लिहिलं आहे. म्हणजे बघायची तर संक्रांतीच्या आसपासच. रुपालीला आणायला मी स्वतः येतो. आता आलीच आहे तर अवघडलेल्या पोरीला परत कशाला हलवायचं, तिथंच राहू दे, असं आपल्याला वाटलं, तर माझी ना नाही. मंचरच्या डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलंय आणि जीपवाल्यालाही सांगून ठेवलंय, आपलं असंच.

ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात घात झाला. घरी म्हशीचं दूध आहे, पण बाळंतिणीला गाईचं हवं म्हणून मी गेल्या बाजारी बेल्ह्याहून एक गाय आणली आहे. (हे आपल्याला सांगणार नव्हतो.) तिनं आज पहाटे दावं तोडलं आणि तुळशीपासून फाटकापर्यंत एकूणएक कोबी खाल्ली. बुडखेसुद्धा ठेवले नाहीत. तेव्हा बघायला या असं म्हणायला आता माझ्याकडं काही उरलं नाही, म्हणून सरळच लिहितो. सुभाषराव, मला माझी लेक घरी हवी आहे. पाठवा. दुधाला आज कोबीचा वास येतोय, पण रुपाली येईपर्यंत तो जाईल असं गेणभाऊ म्हणतो.