विमलच्या मधल्या दोन वर्षांबद्दल

मु. अकोला

तीर्थस्वरूप दादांच्या सेवेशी धाकट्या चिंतामणचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे आठही अंगे जमिनीला लागत नाहीत. लागतील तेवढी गोड मानून घ्यावीत.) आपली प्रकृती ठणठणीत असेल. अनसूयावहिनींचा खोकला थांबला असेल. आपण नवी कवळी बसवून घेतल्याचे कळले. ती खाण्याच्या कामी येते की नुसती बोलण्याच्या, ते कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे. सौ. दुर्गा आपल्याला नमस्कार सांगते आणि माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिचीही प्रकृती उत्तम.

आम्ही नागपूरला आलो आणि आपल्या दारावरून गेलो पण आत आलो नाही, ही बातमी आपल्यापर्यंत पोचली असेलच. तिथल्या महाल भागात आपल्या ओळखीचे लोक फार, म्हणून धर्मशाळेत शिरताना मी उपरण्याने तोंड झाकून घेतले. त्यामुळे जे एरवी पाहणार नव्हते तेही वळून पाहू लागले, आणि एकाने तर ‘वकीलसाहेब, दात दुखून राहिला का?’ असे विचारले. तेव्हा दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावलेले ऐकण्यापेक्षा मीच सगळे सांगावे, एवढाच या पत्राचा हेतू आहे. दुसरा काहीही नाही.

आमची मुलगी विमल अमरावतीच्या कॉलेजातून इंटर पास झाली तेव्हा आपण आमच्याकडे आला होतात. पेढा तोंडात असतानाच आपण म्हणालात, आता शिक्षण पुरे, वर्षभरात बार उडवून टाकू. तिचे नाव बी.ए.च्या वर्गात दाखल झाले होते. ते काढायला मला कोर्टातून सवड नव्हती (होती), म्हणून आपणच अमरावतीला जाऊन ते काढून आलात. आपली तत्परता मी नेहमीच सर्वांना सांगतो. पुढे एका वर्षाची दोन झाली, हा काही आपला दोष नाही. तो माझ्या वक्तृत्वाचा आहे.

कोर्टात माझे कुणी ऐकत नाही, पण घरी पाहुणे आले की माझी जीभ मोकळी सुटते. अचलपूरच्या मंडळींना मी सांगितले की मुलगी जन्मात शिंकलीसुद्धा नाही. मोर्शीच्या संत्र्यांच्या बागाईतदारांना सांगितले की हिला शेताचे भारी वेड आहे (ते तिला विहिरीवरची मोट कशी चालते ते विचारू लागले, आणि विमल माझ्याकडे बघत राहिली). नागपूरचे एक प्राध्यापक महादेवराव आपल्या पुतण्यासाठी आले. हे स्थळ आपणच सुचवले होते. फार शिकलेली मुलगी लोकांना नको असते, असे आपणच बजावलेले, म्हणून मी म्हणालो, ‘वाचनाचे नाव काढू नका. पुस्तक पाहिले की हिचे डोके दुखते.’ आठ दिवसांनी त्यांचा नकार आला. पुतण्याला शिकलेली बायको पाहिजे होती.

शेवटी ती पाहुण्यांपुढे बसायलाच तयार होईना. कॉलेजात जाते म्हणाली, आणि तर्कशास्त्र घेऊन बी.ए. करायचे म्हणाली. अमरावतीत परत घालावी, तर वर्गातली निम्मी मुले तिला नकार दिलेल्या घरांतली निघायची. म्हणून नागपूर. पण तिथल्या कॉलेजात इंटर आणि बी.ए. यांच्यामध्ये खंड पडलेला असला की त्याचे समाधानकारक कारण द्यावे लागते. लग्न जमवत होतो, हे कारण धरत नाहीत, उलट त्याला फार भितात. म्हणून मी अर्जात ‘दीर्घ आजार’ असे लिहिले. शिवाय हाताशी असावे म्हणून आणखी एक कारण लिहिले, ‘घरी सतत अध्ययन’. आणि सवयीप्रमाणे बरोबर एक साक्षीदार नेला. आपला नांदगाव खंडेश्वरचा नत्थुजी, ज्याच्या शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, खटला मी त्याच्या बापाच्या वेळेपासून चालवतो आहे.

प्रवेशाच्या खोलीत टेबलामागे महादेवराव बसले होते! त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि मोठ्या आस्थेने विचारले, ‘डोकेदुखी बरी झाली का?’ मी म्हणालो, झाली. ‘आणि मुलगी जन्मात शिंकली नाही, असे अचलपूरच्या आमच्या व्याह्यांना तुम्हीच सांगितले होते ना?’ (ते अचलपूरवाले त्यांचे व्याही आहेत हे आपल्यालाही ठाऊक नसावे, नाहीतर आपण मला सावध केले असते.) मी खोकलो आणि नत्थुजीला पुढे केले.

नत्थुजीला मी शिकवून ठेवले होते की फक्त ‘मुलगी अभ्यास करत होती’ एवढेच म्हण. पण कोर्टात त्याला कधी पुरते बोलू दिलेले नाही, ती सगळी हौस त्याने इथे भागवून घेतली. ‘साहेब, खोटं कावून बोलू? म्या सवता पायलं. पावने आले का वकीलसाहेब पोरीची पुस्तकं गव्हाच्या कोठीत टाकत, अन् पावने गेले का पोरगी काढून वाचे. एकडाव तर बुडाशी गेलं पुस्तक, तं मलेच उतरवलं कोठीत. आमी समदे मनून राहिलो होतो, कॉलेजात धाडा तिले. वकीलसाहेब भावाले भेतात जी.’

मग महादेवराव माझ्याकडे न बघता विमलला म्हणाले, ‘तर्कशास्त्र पाहिजे ना? मग सांगा. एक गृहस्थ म्हणतो, मुलगी कधीच आजारी नव्हती. तोच गृहस्थ म्हणतो, मुलगी दोन वर्षे आजारी होती. यातून काय निघते?’

विमल म्हणाली, ‘दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. पण दोन्ही एकदम खोटी असू शकतात. आमच्याकडे तसेच झाले आहे.’

महादेवराव हसता हसता खुर्चीवरून खाली यायचे राहिले. मग त्यांनी तिला आणखी बरेच विचारले, आणि ती भराभर सांगत गेली. दादा, मी बाजूला उभा राहून तिचे तोंड बघत होतो. दोन वर्षांत आमच्या घरी इतकी माणसे तिला बघून गेली, पुरणपोळी येते का, गाता येते का, चालून दाखव, सगळे झाले. पण तिला जे येते ते कुणी विचारलेच नव्हते. मीही नाही. मला फार वाईट वाटले. ते दिसले असावे, कारण नत्थुजीने सर्वांदेखत मला पाणी आणून दिले.

महादेवराव म्हणाले, झालेल्या खंडाबद्दल माझी हरकत नाही, मला पुढच्या खंडाची भीती आहे. दरवर्षी मुली येतात, त्यांच्यासाठी जागा धरावी, आणि दिवाळीनंतर कुणीतरी येऊन नाव काढून नेतो. ‘हिचे नाव कुणी काढले होते?’ मी म्हणालो, घरातल्या मोठ्यांनी. ‘मग त्यांनाच लिहून देऊ द्या की बी.ए. होईपर्यंत काढणार नाही. वकिलांचा शब्द मी ऐकलेला आहे.’ आणि मुलीला गावात राहायला घर पाहिजे, असेही म्हणाले.

तर अशी हकिकत आहे. आपल्या घरी न येण्याचे कारण आता आपल्या लक्षात आलेच असेल. रागावू नये. वहिनींना व मुलांना यथायोग्य सांगावे. आपल्या आशीर्वादावर आणि धाकावर वाढलेला,

चिंतामण

ता. क. वर ‘दुसरा काहीही हेतू नाही’ असे लिहिले आहे, ते पत्राच्या सुरुवातीला लिहायची पद्धत असते म्हणून. सोबत कोरा कागद जोडला आहे. दोन ओळी पुरतील.

ता. क. दुसरा. आपण स्त्रीशिक्षणाचे कट्टर अभिमानी असून नाव काढताना आपल्या डोळ्यांत पाणी होते, असे मी महादेवरावांना सांगून बसलो आहे. ते उद्या सकाळी आपल्याला भेटायला येणार आहेत. त्यांच्यापुढे माझे आणखी एक वाक्य खोटे पडू देऊ नये.

ता. क. तिसरा. वर ‘मु. अकोला’ पडले ते हाताच्या सवयीने. आम्ही अजून परत गेलेलोच नाही. हे पत्र मी आपल्याच गल्लीच्या तोंडाशी टांग्यात बसून लिहिले, आणि ते आणून देणारी, आत्ता आपल्यासमोर उभी असलेली मुलगी विमल आहे. तिने सकाळपासून काही खाल्लेले नाही. आपण नाही म्हणालात तर मुकाट्याने परत यायचे, असे मी तिला सांगून ठेवले होते. पण नत्थुजीने मला न विचारता तिची ट्रंक आपल्या ओट्यावर नेऊन ठेवली आहे, आणि म्हणतो, ‘आता मी तं काई परत उचलत नाई जी.’ मला गुडघ्यामुळे ती उचलवत नाही.