क्लीनरूममधलं माझं मौन

३ मार्च
महिनाअखेर निवृत्ती. आयुष्यभर फळ्यावर ट्रान्झिस्टर काढले, स्वतःच्या हातांनी एकही बनवला नाही. हे मनाला लागून राहिलंय. जाण्याआधी सिलिकॉनची एक वेफर, म्हणजे पातळ चकती, करायची, तिच्यावरच्या शंभरच्या शंभर चिप चालणारी. ठरलं म्हणजे ठरलं.

५ मार्च
कॉलेजच्या क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळमुक्त प्रयोगशाळेत गेलो. टोपी, मास्क, झगा, बूट. आरशात तरुण वाटलो. चिप चालल्या चार. हवेचे फिल्टर जुनाट झालेत.

९ मार्च
हवेतली धूळ मोजणारं यंत्र सारखं ओरडतं. नेमकं मी विद्यार्थ्यांना समजावून सांगायला लागलो की. कंपनीचा माणूस बोलावला. म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे. तो दुसरं काय म्हणणार!

१२ मार्च, दुपारी
माझ्याकडे पीएचडी करणारी मुलगी चाचरत म्हणाली, सर, बोलताना तुम्ही मास्क खाली ओढता, तोंडातलं सगळं वेफरवर उडतं. पण मास्कमधून शिकवणं म्हणजे उशीत तोंड खुपसून गाणं. असो. उद्यापासून आत अवाक्षर काढणार नाही.

१३ मार्च
काढलं. पण विषयच तसा निघाला: क्लीनरूममध्ये धूळ येते कुठून. थोडक्यात आवरलं, तासाभरात. चिप शून्य.

१७ मार्च
मुलांमध्ये शिस्त नाही. घरी हिला सांगितलं, वर म्हणतात माझी थुंकी उडते. ही म्हणाली, म्हणूनच मी जेवायला तुमच्या समोर नाही, शेजारी बसते. हिला सेमीकंडक्टरमधलं काही कळत नाही.

२२ मार्च
घसा बसला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर घरी, तोंड बंद. मुलांना मेसेज केला: काम थांबवू नका, पण माझ्याशिवाय जमलं नाही तर खचू नका. खाली सूचना जोडल्या, एकोणीस.

२९ मार्च
शहाण्णव चिप चालल्या! सूचना कामी आल्या. तसं फोनवर म्हटलंही, घोगऱ्या आवाजात. पीएचडीवाली मुलगी म्हणाली, सर, मेसेज आत्ताच बघितला, वाचते हं.

३१ मार्च
निरोप समारंभ. मुलांनी तीच वेफर डबीत घालून भेट दिली. मला भरून आलं. डबी उघडून बोलायला सुरुवात करणार, तोच मुलगी लगबगीने पुढे आली. डबीवर हात ठेवून हळूच म्हणाली, सर, आधी बोलून घ्या, मग उघडा.
वाईट वाटलं. खूपच. बारा पानांचं भाषण खिशात ठेवलं, दोन वाक्यं बोलून खाली बसलो.
एवढ्या टाळ्या उभ्या नोकरीत मिळाल्या नव्हत्या.