भिंतीकडे फिरवलेली घागर

बोरी,
९ जून १९५५

प्रिय मनकर्णा,

तुझ्या आबांनी आमच्या घरातली पितळी घागर उचलली, तिच्यावर कोरलेलं नाव वाचलं आणि नाव भिंतीकडे करून ती होती तिथं ठेवली, त्या क्षणापासून माझं सगळं उलटंपालटं झालंय. आबा रागावले की त्यांनी आम्हाला सांभाळून घेतलं, हेच मला कळेना. तू त्यांची लेक, तुला उमगेल. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझं डोकं कसं आहे ते तुला ठाऊकच आहे. वसमतचे पाहुणे तुला बघायला येणार एवढं कानावर आलं, आणि मी परीक्षेच्या तोंडावर प्रिन्सिपॉलांशी भांडून, कॉलेजातलं नाव काढून, औरंगाबादेहून ट्रंक घेऊन रेल्वेत बसलो. आबांनी त्या पाहुण्यांना आधीच वाटेला लावलंय, हे परभणीच्या ठेसनावर उतरल्यावर कळलं. तू हसली असशील. कॉलेज मात्र गेलं ते गेलंच. तेव्हापासून घरी नुसता बसलोय आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "पोरगं शिकून आलं का झपाटून आलं, काई कळंना बाई."

त्यात धुरपदाचं निघालं. माझी धाकटी बहीण गावच्या शाळेत सातवीत पहिली आली. तिला तुमच्या परभणीच्या खाजगी हायस्कुलात आठवीला बसायचंय. राहायला तानुमावशीचं घर आहे, पण फी कुठून आणणार? बापू गेल्यापासून आई लोकांच्या रानात धसकटं वेचते तेव्हा चूल पेटते. म्हणून फी माफ व्हावी अशी नादारीची दरखास्त मीच लिहिली. शाळेची रीत तुला माहीत आहे, मंडळाचा माणूस घरी येऊन परिस्थिती डोळ्यांनी बघून जातो. बोरीसाठी मंडळानं नेमके तुझे आबा निवडले. सोबतीला हेडमास्तर.

तुझे आबा, खुद्द दिनकरराव, आपल्या घरी येणार म्हटल्यावर आईचा चेहराच फुलला. मी म्हटलं, अगं, ते धुरपदाच्या नादारीसाठी यायलेत. तर म्हणते, "येड्या, लेकीचा बाप फीसाठी एवढी धूळ खात येतो व्हय? तुलाच बघायला यायलाय त्यो. नादारीचं नुसतं निमित्त." मी भांडायला हवं होतं. एरवी मी मीठ कमी पडलं तरी भांडतो. पण मनकर्णा, मला वाटलं, आईचंच खरं असलं तर?

सोयरे घर बघायला येणार म्हटलं की आमच्या गल्लीत कुणाला काही मागावं लागत नाही, ज्याची त्याची भांडी आपोआप चालत येतात. आमची स्वतःची भांडी अठ्ठेचाळीसला रझाकारांच्या पळापळीत गेली, ती परत झालीच नाहीत. वच्छलाबाईची घागर आली, दगडाबाईची परात आली, व्यंकटरावांची बैलजोडी आमच्या रिकाम्या गोठ्यात बांधली गेली. आईला वाचता येत नाही. कोरलेली बाजू दिसायला बरी म्हणून तिनं सगळी भांडी नावं पुढं करूनच मांडली. मला वाचता येतं, पण मी आरशापुढं भांग पाडत होतो.

रविवारी ते आले. तुपातला शिरा झाला, तूपसुद्धा शेजारचंच. हेडमास्तरांनी विचारलं, "बाई, अडचण काय आहे?" आईनं पदर सावरला आणि म्हणाली, "अडचण कशाची मालक? देवाच्या दयेनं खाऊन-पिऊन सुखी हाव आमी." दाराआड उभ्या धुरपदानं माझ्याकडं पाहिलं. हेडमास्तर बैलांकडं बघत होते. आणि आबांनी ती घागर उचलली. नाव वाचून माझ्याकडं पाहिलं, अगदी निवांत. मग ती फिरवून ठेवली. मी गप्प बसलो. मी, मनकर्णा!

काल शाळेचा शिपाई भुजंग येऊन गेला. कुटुंब सुस्थितीत असल्यानं नादारी नामंजूर. आणि आबांचा तोंडी निरोप, "मुलानं कॉलेज पुरं करावं, मग बोलू." आईनं साखर वाटली. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. धुरपदा मात्र चिंच घेऊन बसली. एकेक भांडं घासून लख्ख केलं आणि ज्याचं त्याला पोचतं केलं. कोणतं कुणाचं, हे तिनं कुणाला विचारलं नाही. आमच्या घरात त्या भांड्यांवरची नावं वाचता येणारी बाई ती एकटीच. आई म्हणाली, "धुरपे, वाईट वाटून घेऊ नगं. दादाचं जमलं की तुझंबी बघू." ती म्हणाली, "काय बघणार? शाळा का नवरा?"

आबांची ती नजर अजून सुटत नाही. मी बोलावं म्हणून ते थांबले होते, का मी किती वेळ गप्प बसतो ते बघत होते? आज मंडळाची बैठक आहे, नामंजुरीवर शेवटचा शिक्का तिथंच बसायचाय. तिथं उभं राहून सांगणार आहे, घागर वच्छलाबाईची, बैल व्यंकटरावांचे, आमची फक्त पोरगी. आई खोटी पडेल. आबांनी ओळखून झाकलं म्हणून त्यांनाही चार शब्द ऐकावे लागतील, आणि मग ते "मग बोलू" म्हणालेलं कुठं राहील, मला माहीत नाही. संध्याकाळी तुमच्या घरी माझं नाव निघेल. कसं निघेल देव जाणे. त्याआधी हे माझ्याकडून तुला कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. तानुमावशी आणून देईल. आई रानात गेलीय. धुरपदा वेणी घालून, स्वतःचा ठिगळाचा परकर नेसून अंगणात उभी आहे, परभणीची मोटार चुकेल म्हणून हाका मारायलीय. पत्राची घडी खिशात घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

जसा आहे तसा, तुझाच
लिंबाजी