मागच्या दाराचा स्पीकर

अल मजाज, शारजा

ती. सुहासिनीताईस,

हेमूचा वाकून नमस्कार. (वाकूनच, कारण गाडीच्या सीटखाली डोकं घालून कंबर धरली आहे. ते पुढे येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींनी लोणचं सोडलं, की फक्त तुझ्यासमोर सोडतात? इकडे विभावरीची बढती होता होता राहिली, आणि शुभ्रा आता माझ्याहून उंच झाली आहे व मराठीतल्या प्रश्नाला इंग्लिशमध्ये उत्तर देते. आईची प्रकृती उत्तम. साखर, ब्लडप्रेशर, सगळं डॉक्टरला आवडेल असं. तेव्हा गाडीचं ऐक.

बाबा गेल्यावर आईला इकडे आणलं तेव्हा तू बजावलं होतंस, तिला एकटं वाटू देऊ नकोस. मी ते इतकं मनावर घेतलं की रोज संध्याकाळी तिला गाडीतून फिरवतो आणि तिची नाट्यगीतं लावतो. ती मागे बसते. आता इथला उन्हाळा असा की पार्किंगमधल्या गाडीत पापड भाजून घ्यावा. त्यात मागच्या दारातल्या स्पीकरचा पडदा वाळून फाटला, आणि गायकाने तान घेतली की आईच्या कोपरापाशी डब्यात माशी अडकल्यासारखी घरघर सुरू. आई तक्रार करत नव्हती. ती हल्ली फारसं बोलतच नाही. मी मनाशी ठरवलं, स्पीकरमुळेच.

म्हणून इंडस्ट्रियल एरियात फैज नावाच्या माणसाकडे गेलो. (अतिशय प्रेमळ माणूस. चहा पाजल्याशिवाय गाडीला हात लावत नाही, आणि चहानंतरही लगेच लावत नाही.) त्याने एकाऐवजी चारही स्पीकर नवे बसवले. लावून बघतो तर पूर्ण आवाजातही गायक शेजारच्या टॉवरमध्ये खिडकी बंद करून गातोय असं वाटे. वाजवत राहा, इन्शाल्ला खुलेगा, असं फैज म्हणाला. खुललं नाही. शेवटी मी सीटखाली डोकं घालून तारा तपासल्या, मग जुना स्पीकर उलटा करून पाहिला. त्यावर दोन ओहम लिहिलं होतं, नव्यांवर चार. (ओहम म्हणजे स्पीकरचा आडमुठेपणा असं समज. सीटखाली कंपनीचाच ॲम्प्लिफायर असतो, त्याला दोनवाल्यांची सवय. चारवाले आले की त्याचा जोर निम्म्यावर येतो.) मग दोन ओहमचे शोधून आणले आणि आवाज कसा छान आला. तिथे थांबायला हवं होतं. पण फैज म्हणाला, अम्माजींसाठी मागे अजून दोन लावू, त्याच तारेवर. मी हो म्हटलं. (एका तारेवर दोघं जोडले की आडमुठेपणा उलट निम्मा होतो आणि ॲम्प्लिफायर ऊर फुटेस्तोवर धावतो. मी इंजिनियर खरा, पण सिव्हिल.)

शनिवारी सगळे फुजैराला निघालो, आईला समुद्र दाखवायला. डोंगर लागले, ऐन दुपार, मी आवाज वाढवत गेलो आणि मध्येच गाणं तुटलं. सीटखालून गरम वास आला. मी गाडी बाजूला घेतली. शुभ्राने वाकून हात लावला आणि म्हणाली, "पपा, इट्स डेड." तो शब्द ऐकला आणि आम्ही तिघंही वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघू लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसते दगड.

मग आई बोलली. अगदी शांतपणे. "बरं झालं बंद पडलं. मी जरा गप्प बसले की तू आवाज वाढवतोस."

मी म्हटलं, तुला बरं वाटावं म्हणून. तर म्हणाली, "तुमच्याकडे मला काही कमी नाही रे. पण डोळे पुसले की विभा पाणी आणते, तू गाणं लावतोस. ह्यांच्यासाठी मला रडायचंय, तर तुम्ही सवडच देत नाही."

मी तिला पुढे येऊन बस म्हटलं. तर म्हणे, पुढे हे बसायचे. (मागच्या वेळी दोघं आले होते तेव्हाचं. सारखा एसी कमी करायचे, आठवतं ना, मी किती चिडायचो?) तरी विभावरीने उतरून दार उघडून धरलं. आई बराच वेळ त्या सीटकडे बघत राहिली आणि मग बसली.

फुजैरापर्यंत ती रडत होती. कोणी पाणी आणलं नाही, कोणी गाणं लावलं नाही. मी गाडी चालवत होतो आणि माझंही मागाहून सुरू झालं. किनाऱ्यावर समोर मोठाली जहाजं तेल भरायला थांबलेली. ती बघत आईने बाबांचे किस्से सांगायला घेतले; भाऊजी पहिल्यांदा घरी आले तेव्हा बाबांनी त्यांना भाडेकरू समजून नळाच्या वेळा समजावल्या, तो सुद्धा. बाबांची नक्कल करताना स्वतःच हसली. शुभ्रा तिला टेकून बसली होती. "अँड देन, आजी?" असं विचारत राहिली.

फैजने जास्तीचे दोन काढले. ॲम्प्लिफायर थंड झाल्यावर पुन्हा बोलू लागला. आता आवाज उत्तम आहे. आम्ही तो लावत नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
हेमचंद्र

ता. क. : आई-बाबांच्या ठाण्याच्या घराला तू भाडेकरू ठरवला आहेस, त्याला नाही म्हणून सांग. आईला तिथे जाऊन राहायचं आहे. एकटीने. तू रागावशील म्हणून तुला सांगायला ती घाबरते, आणि मीही. हे स्पीकरचं पुराण त्यासाठीच लावलं.

आणखी एक : आईला जायचंय हे खरं. मला तिला पाठवायचं नाही, हेही खरं. तू नको म्हणालीस तर मला मनातून आनंदच होईल. म्हणून ताई, फार विचार न करता हो म्हणून टाक.